मेश वायफाय संच: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

तीन युनिटांचा हा मेश वायफाय संच, म्हणजे एकमेकांशी जोडून घरभर एकच वायफाय पसरवणारे छोटे राउटर, घेण्यापूर्वी घरात एकच राउटर होता आणि फायबरची जोडणी जिथून आत येते त्या पुढच्या खोलीतच तो ठेवलेला होता. मागच्या दोन खोल्यांत रेंजची जेमतेम एक रेघ दिसे, व्हिडिओ कॉल ऐन बोलण्यात गोठे आणि घरात वायफाय असूनही मोबाइल डेटा सुरू करावा लागे. नऊ महिन्यांनंतर संच चांगला आहे असे माझे मत झाले आहे. पहिले तीन महिने ते नेमके उलट होते, आणि त्यात संचाचा दोष कमी व तो मांडण्याच्या माझ्या पद्धतीचा जास्त होता.

खोक्यावर ३००० मेगाबिट असा ठसठशीत आकडा होता. २.४ गिगाहर्ट्झ या रेडिओलहरींच्या पट्ट्यावरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२ अशा दोन सैद्धांतिक कमाल वेगांची बेरीज करून तो वरच्या शेकड्यात नेलेला असतो. फोन एका वेळी सहसा एकाच पट्ट्यावर असतो, शिवाय २४०२ हा आकडा १६० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनेल, म्हणजे पट्ट्यातली एक मार्गिका, धरून काढलेला आहे आणि एवढे रुंद चॅनेल पुष्कळ फोनना वापरताच येत नाही. माझी जोडणीच २०० मेगाबिटची असल्यामुळे हा सारा हिशेब मला निरर्थक होता, तरी हौसेने मी ती रुंदी चालू केली. मग अधूनमधून ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क मिनिटभर गायबच होऊ लागले. राउटरमधली घडामोडींची नोंद (लॉग) उघडल्यावर कारण कळले. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा काही भाग हवामान आणि इतर रडारही वापरतात, त्यामुळे रडारची चाहूल लागताच राउटरला ते चॅनेल सोडावे लागते, पुढची ३० मिनिटे तिकडे फिरकता येत नाही आणि तशाच दुसऱ्या चॅनेलवर जायचे तर आधी किमान ६० सेकंद नुसते ऐकत बसावे लागते. रुंदी ८० वर आणून रडारमुक्त चॅनेल निवडल्यापासून हा प्रकार थांबला आणि वेगात जाणवण्याजोगा काहीही फरक पडला नाही.

खरी चूक मात्र युनिटांच्या जागेची होती. जिथे रेंज येत नाही तिथे युनिट ठेवायचे, असा सरळ विचार करून मी तिसरे युनिट अगदी मागच्या खोलीत, लोखंडी कपाटाशेजारी ठेवले. त्यालाच पुढून धड सिग्नल मिळत नव्हता, तर ते पुढे देणार काय? फोनवर रेघा पूर्ण दिसत, कारण त्या फोन आणि जवळचे युनिट यांच्यातल्या सिग्नलच्या असतात; युनिटाला स्वतःला किती सिग्नल मिळतो, हे त्या सांगत नाहीत. कपाटापासून दूर आणि मधल्या युनिटाच्या थोडे जवळ आणल्यावर स्थिती सुधारली, तरी पहिल्या युनिटापाशी १९० मेगाबिट मिळत असताना मधल्यापाशी ८५ आणि तिसऱ्यापाशी जेमतेम ४० मिळत. या संचात फोनशी बोलणारा आणि मागच्या युनिटाशी बोलणारा ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ एकच आहे. एकच माहिती त्याच चॅनेलवरून दोनदा, तिसऱ्या युनिटाच्या बाबतीत तीनदा पाठवावी लागते, आणि दर टप्प्याला वेग साधारण निम्म्यावर येतो. युनिटांच्या आपसांतल्या बोलण्यासाठी वेगळा तिसरा रेडिओ असलेले संच मिळतात, पण ते महाग असतात.

अखेर चौथ्या महिन्यात मी पहिल्या युनिटापासून तिसऱ्यापर्यंत भिंतीच्या कडेने इथरनेट केबल (नेटवर्कची तार) ओढली. केबल टाळण्यासाठीच वायरलेस संच घेतला असल्यामुळे हा निर्णय मनाला लागला होता, हे कबूल करतो. मात्र त्याच संध्याकाळी मागच्या खोलीत १८५ मेगाबिट मिळाले आणि त्यानंतर कॉल गोठल्याचे मला आठवत नाही.

एका खोलीतून दुसरीकडे जाताना फोनने जवळचे युनिट पकडावे, ही मेशची जाहिरातीतील मुख्य खूण. इथे एक गोष्ट समजून घ्यायला मला वेळ लागला: युनिट कधी बदलायचे हे शेवटी फोन ठरवतो, राउटर फार तर सुचवू शकतो. माझा फोन सिग्नल उणे ७० डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक; आकडा शून्यापासून जितका दूर तितका सिग्नल क्षीण) आसपास उतरला की शहाण्यासारखा बदल करतो, जुना लॅपटॉप मात्र दूरच्या युनिटाला चिकटून बसतो. ॲपमधून मधल्या युनिटाची शक्ती कमी केल्यावर लॅपटॉपचा हट्ट बराच सुटला. अधिक शक्ती म्हणजे अधिक चांगले, ही माझी समजूत तेव्हा गेली.

स्मार्ट प्लग आणि दिवे फक्त २.४ गिगाहर्ट्झच जाणतात, म्हणून त्यांच्यासाठी त्या पट्ट्याच्या नेटवर्कला वेगळे नाव दिलेले बरे. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल १, ६ आणि ११ एवढीच असल्याने तिथे कायम गर्दी असते, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. सुरक्षेसाठी केवळ डब्ल्यूपीए३ (वायफायच्या कुलूपबंदीची नवी पद्धत; डब्ल्यूपीए२ ही तिच्या आधीची) ठेवले तेव्हा जुना प्रिंटर जोडलाच गेला नाही; डब्ल्यूपीए२ आणि ३ यांचा मिश्र पर्याय निवडावा लागला.

तक्रार उरते ती ॲपची. स्वतःच्या घरातल्या राउटरचा पासवर्ड बदलायलाही कंपनीच्या खात्यात लॉगिन करावे लागते, आणि इंटरनेट बंद पडले, म्हणजे राउटरकडे पाहण्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा, ते उघडतच नाही. ब्राउझरमधले पान आहे, पण त्यात निम्म्या सोयी नाहीत.

ज्यांना केबल ओढणे शक्य आहे त्यांनी आहे त्या राउटरला साधा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने जोडून वायफाय पसरवणारे उपकरण, जोडून पाहावा. बहुतेकांचे काम त्यातच होईल. केबल अशक्य असेल तर तिसऱ्या रेडिओच्या संचाचा खर्च सोसावा, असा ना धड इकडचा ना तिकडचा संच घेऊ नये. माझ्याकडे मधल्या युनिटापर्यंत केबल न्यायची अजून राहिली आहे आणि तोवर मोठ्या फाइली मी मागच्या खोलीत बसूनच उतरवतो.