जुनी फोर बाय फोर, ताडपत्री आणि आठ महिन्यांतल्या अकरा सहली

मागच्या वर्षी पोळा झाल्यावर जुनी फोर बाय फोर, म्हणजे गरज पडली की चारही चाकांना ताकद देता येणारी गाडी, घेतली. २०१२ चं मॉडेल, डिझेल, दोन लाख ऐंशी हजारांत. आता नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे दिवस) लागलाय, गाडी गोठ्याशेजारच्या छपरीत उभी आहे आणि वहीत अकरा सहलींचा हिशेब आहे. एकूण २,८४० किलोमीटर. त्यातलं फोर बाय फोरमध्ये चाललेलं अंतर जेमतेम ४०. घ्यायच्या आधी हे मला कोणी सांगितलं असतं, तरी मी हीच गाडी घेतली असती. का, ते लिहितो.

आमचं गाव आर्वी तालुक्यात, जिल्हा वर्धा. आम्ही चौघं जातो: मी, धाकटा भाऊ, मावसभाऊ आणि शाळेपासूनचा एक मित्र. दोन सहलींना घरची मंडळीही होती. सगळ्यांची शेती किंवा छोटी नोकरी, त्यामुळे माणशी दीड हजाराच्या वर सहल जाऊ द्यायची नाही, असं सुरुवातीलाच ठरवलं. गडचिरोली सोडलं तर ते पाळलं गेलं.

गाडी घेताना माझी एक चूक झाली. विकणाऱ्यानं फोर बाय फोर चालू आहे म्हणून दांडा टाकून दाखवला, डॅशबोर्डवरचा दिवा लागला आणि मी खूश झालो. दिवा लागणं म्हणजे पुढची चाकं ओढणं नव्हे. माझ्या गाडीत पुढच्या चाकांवर हातानं फिरवायचे हब आहेत, ते लॉक केल्याशिवाय पुढच्या चाकांपर्यंत ताकद पोचतच नाही. त्यातला एक हब आतून झिजलेला निघाला. दुरुस्तीला ६,४०० रुपये गेले. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा कच्च्या मुरमाच्या जागी न्या, हब लॉक करा, फोर-एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाका आणि अगदी हळू, स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा. गाडी अडखळल्यासारखी, आखडल्यासारखी वाटली पाहिजे. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, पण या पद्धतीच्या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद नेणारे शाफ्ट एकत्र बांधले जातात, म्हणून ती ओढाताण जाणवते. दांडा टाकूनही गाडी लोण्यासारखी वळली, तर पुढची बाजू कामात आलेलीच नाही. आणि याच कारणानं डांबरी रस्त्यावर फोर-एच लावून पळवू नका. मातीत चाक थोडं घसरून ताण सोडतं, डांबरावर तो सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो.

गाडी किती वर्षांची आहे हेही बघा. १५ वर्षं झाली की नोंदणी नव्यानं करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. माझ्या गाडीला ते पुढच्या वर्षी येणार आहे आणि तो खर्च मी आताच बाजूला काढून ठेवलाय. नवे टायर टाकले, ३० हजारांचे. आठ महिन्यांतला सगळ्यात कामी आलेला खर्च तोच.

आता काळ्या मातीबद्दल. फोर बाय फोरचे व्हिडिओ बघून आम्ही शिकलो होतो की टायरची हवा कमी केली की गाडी कुठूनही निघते. वाळूत ते खरं आहे. ३४ पीएसआयवरून २० पर्यंत हवा उतरवली की टायर पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. आपल्या काळ्या मातीचं तसं नाही. ती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांत घट्ट बसते, आणि दहा फुटांत चारही टायर नव्या कोऱ्या मडक्यासारखे गुळगुळीत होतात. ऑक्टोबरात परतीचा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही एका पांदण रस्त्यात, म्हणजे वावरांमधल्या कच्च्या वाटेत शिरलो. वरून वाळल्यासारखं दिसत होतं. शंभर फुटांवर स्टिअरिंग डावीकडे फिरवलं तरी गाडी सरळच, मग आडवी, मग धुऱ्याला टेकली. फोर-एल (चारही चाकं, कमी वेग, जास्त ओढ) टाकून चारही चाकं फिरवली तेव्हा ती जागेवर फिरत खाली खोल गेली, इतकंच. जॅक लावला तर जॅकच मातीत गेला. दीड तास फावड्यानं उपसत होतो, तेवढ्यात बांधापलीकडून एक काका आले.

“फसली काय जी? आता नका फिरवू चाकं, आनखी जाईन. ट्रॅक्टर आनतो.”

ट्रॅक्टरनं पाच मिनिटांत काढली. पैसे पुढे केले तर म्हणाले, “पैसे कायले देता? घरी या, चहा घ्या.” त्या घरी आम्ही नंतर दोनदा मुक्काम केलाय.

त्या दिवसापासून आमचे नियम असे: पाऊस पडला की तीन कोरडे दिवस गेल्याशिवाय पांदण नाही. जॅकखाली ठेवायला दीड फुटाची जाड सागाची फळी गाडीत कायम. दोर बंपरला नाही, चेसिसच्या हुकालाच. आणि गाडी अडकली की एक्सलेटर सोडून आधी खाली उतरायचं. धरणाच्या बाजूलाही हीच काळजी घ्या. मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा जलाशयाचं पाणी हिवाळ्यानंतर मागं सरतं, तिथली गाळपेराची जमीन वरून भेगाळलेली, कडक दिसते. काठी खुपसून पाहिली तर एक वितीखाली नुसता गाळ. आम्ही काठी खुपसली म्हणून वाचलो.

तंबूबद्दल माझं मत बदललं. तीन हजारांचा चार माणसांचा तंबू घेतला होता. डिसेंबरात चिखलदऱ्याला, हजार मीटरच्या वरच्या थंडीत, पहाटे आतून सगळं कापड ओलं, दुलयांवर थेंब. एकाच कापडाच्या तंबूत चार जणांचा श्वास गार भिंतीला लागून पाणी होतो. दोन्ही बाजूंच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवल्या तेव्हा ते कमी झालं. मार्चमध्ये उलटं, रात्री दहापर्यंत आत बसवत नाही. फेब्रुवारीनंतर आम्ही तंबू घरीच ठेवतो. गाडीच्या कॅरिअरपासून दोन बांबूंपर्यंत ताडपत्री ताणायची, खाली यजमानाकडून मागितलेल्या खाटा आणि खाटेवर मच्छरदाणी. वारा मिळतो, विंचवा-सापाची भीती कमी होते, आणि खर्च म्हणजे ताडपत्री, सुताडा आणि मच्छरदाण्या मिळून १,९०० रुपये. मुलांना तंबू आवडतो हे खरं, त्यांच्यासाठी तो न्यावा. स्लीपिंग बॅग आम्ही घेतलीच नाही, घरची गोधडी आणि दुलई पुरते.

खाण्यावर खर्च फार होत नाही. पाच किलोचं छोटं सिलिंडर आणि त्यावरच बसणारा बर्नर चहा-भातासाठी. संध्याकाळी वेळ असला तर रोडगे. जाड दळलेली कणीक, गोवऱ्यांचा निखारा, वांग्याची भाजी आणि वरण. दोन तास जातात आणि त्या दोन तासांत आजूबाजूच्या वावरातली माणसं येऊन बसतात, गप्पा होतात, उद्याचा रस्ता कळतो. नकाशावर न दिसणारे निम्मे रस्ते मला गोवऱ्यांच्या कडेला बसून कळले आहेत. पण चूल पेटवायची ती मालकानं दाखवलेल्या जागीच. फेब्रुवारीच्या मध्यापासून जंगलात आगीचा हंगाम असतो. मोह वेचणाऱ्यांनी झाडाखालचा पाला जाळला तरी वारा आला की आग डोंगर चढते. आम्ही त्या दिवसांत जंगलाच्या कडेच्या गावात सिलिंडरवरच भागवतो.

मुक्काम कुठे करायचा हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. राखीव जंगलात परवानगीशिवाय तंबू ठोकता येत नाही, आणि स्वतःची फोर बाय फोर आहे म्हणून ती व्याघ्र प्रकल्पाच्या आत वाटेल तशी फिरवताही येत नाही. सफारी नोंदणीच्या गाडीतूनच करायची. मेळघाटात सेमाडोह, कोलकास इथं वनखात्याची राहायची सोय आहे, ती आधी बुक करावी. बाकी आम्ही शेतातच राहतो. गावात शिरल्यावर आधी पाराजवळ गाडी थांबवायची, नाव-गाव सांगायचं, कोणाचं वावर ते विचारून मालकाला भेटायचं. पोलीस पाटलाच्या कानावर घालायचं. मालकाला एक गोष्ट न चुकता विचारा: झटका मशीनची तार कुठून गेलीय? रानडुकरांपासून पीक राखायला तारा असतात. झटका मशीनचा धक्का थोडका असतो, पण कुठे कुठे चोरून थेट वीज सोडलेली असते आणि त्यात माणसं गेलीत. अंधारात लघवीला उठलेल्या माणसाला तार दिसत नाही. आमचं मैदान आम्ही उजेडातच ठरवतो आणि चारही कोपऱ्यांना पांढरं फडकं बांधतो.

चंद्रपूर जिल्ह्यात, विशेषतः ब्रह्मपुरीकडे, मी तंबू लावत नाही. वाघ गावाच्या शेतापर्यंत येतो, तिथली माणसं दिवसाही एकटी वावरात जात नाहीत. तिथं पक्क्या घरातच झोपा.

चिखलदऱ्याच्या सहलीचा हिशेब नमुन्यासाठी देतो. जाताना कौंडण्यपूरला वर्धा नदी ओलांडून तिवसा, अमरावती, परतवाडा, चिखलदरा. पहिली रात्र ओळखीच्या कोरकू घराच्या अंगणात. दुसऱ्या दिवशी सेमाडोहकडून घटांगचा घाट उतरून चांदूर बाजारजवळच्या संत्र्याच्या बागेत मुक्काम. परत मोर्शी, आष्टी करून घरी. फिरणं धरून ३९० किलोमीटर, साडेपस्तीस लिटर डिझेल, सव्वातीन हजार. किराणा ९५०, दूध-भाजी ३००, यजमानांच्या मुलांना खाऊ २५०, चहापाणी ४००. माणशी तेराशेच्या आत. आलेल्या रस्त्यानं परत न येता गोल फिरल्यामुळे त्याच डिझेलात दुप्पट मुलूख पाहून होतो. आणि डिझेल हाच खरा खर्च असल्यामुळे गाडी ताशी ६५ वर ठेवतो. ८० वर पळवली त्या सहलीत लिटरमागं ११ ऐवजी ९ किलोमीटर पडले होते.

गडचिरोली मात्र महाग पडली, माणशी २,७००. जानेवारीत गेलो. मार्कंड्याला वैनगंगेच्या काठचं देऊळ पाहिलं, दगडावरची ती कोरीव कामं बघत दुपार गेली. आलापल्लीला टाकी भरून घेतली आणि हेमलकशावरून भामरागडला गेलो. तिथं पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावतीचा संगम आहे. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुरानं हे गाव जगापासून तुटतं, जानेवारीत ती नदी किती शांत असते ते पाहून विश्वास बसत नाही. मुक्काम ओळखीच्या घरी, पोलीस ठाण्यात सांगून. त्या चार दिवसांत फोर-एच एकदाही लावावं लागलं नाही. पुन्हा जायचं झालं तर मी साधी गाडी घेऊनही जाईन.

म्हणूनच, फक्त चिखलदरा-लोणार पाहायचं असेल त्यांनी यावर पैसे घालू नयेत. एसटी आहे, घरची कारही जाते. मला ही गाडी हवी होती ती पांदणीच्या शेवटच्या दोन किलोमीटरसाठी, जिथं वावर संपतं, नाला लागतो आणि पलीकडे पळसाखाली खाट टाकायची जागा असते. त्या ४० किलोमीटरांनीच आम्हाला अकरापैकी नऊ सहलींतले मुक्काम दिले. आणि शेतीची खतं, पोती, कुटाराच्या खेपाही तीच गाडी ओढते, त्यामुळे घरात कोणी तिला नावं ठेवत नाही.

आता पाऊस लागेपर्यंत दोन्ही हब उघडून ग्रीस भरतोय. पावसाळ्यात गाडी पांदणीत नेणार नाही. ट्रॅक्टरवाल्या काकांचा परवा फोन आला होता, सोयाबीन निघालं की वावर मोकळं आहे, या वेळी लेकरांना घेऊन या म्हणाले. ताडपत्रीला दोन भोकं पडलीत, ती तेवढी आधी शिवून घ्यायची आहेत.