मोन्ते सांतोवरील रोझरी मातेचे चर्च

जुन्या गोव्यात येणारे बहुतेक पर्यटक बॉम जेझुस बॅसिलिका आणि सी कॅथेड्रल पाहून परत फिरतात. पश्चिमेकडील मोन्ते सांतो टेकडीवर असलेल्या रोझरी मातेच्या चर्चपर्यंत फार थोडे जण जातात. ज्यांना स्थापत्यात रस आहे त्यांनी पाहण्याची सुरुवातच येथून करावी, असे माझे मत आहे. कॅथेड्रलचे काम 1562 मध्ये आणि बॉम जेझुसचे 1594 मध्ये सुरू झाले. हे चर्च मात्र 1540 च्या दशकातील असून गोव्यात आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या चर्चपैकी ते एक आहे.

जागेची निवड लढाईशी जोडलेली आहे. 1510 च्या पूर्वार्धात जिंकलेले गोवे आदिलशाही फौजेने काही महिन्यांतच परत घेतले आणि त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला पोर्तुगीज सेनापती अफोन्सो द अल्बुकर्क याने ते पुन्हा काबीज केले. त्या दिवशीची लढाई त्याने याच टेकडीवरून पाहिली आणि येथे देवालय बांधण्याचा नवस केला, अशी परंपरा आहे. मांडवीचे पात्र आणि पलीकडचे दीवाडी बेट येथून ज्या स्पष्टपणे दिसते, ते पाहता एखाद्या सेनापतीने ही जागा निवडावी, यात नवल वाटत नाही. नवस फेडला गेला तो मात्र त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीन दशकांनी.

इमारतीचा तोंडवळा चर्चपेक्षा गढीचा अधिक वाटतो. पुढे दुमजली प्रवेशमंडप, कोपऱ्यांना दंडगोल बुरूज, त्यांवर लहान घुमट्या आणि क्रूस, आणि या बुरुजांना कमरपट्ट्याप्रमाणे वेढणारी, पीळ दिलेल्या दोरखंडाची नक्षी. हा दोर म्हणजे पोर्तुगालचा राजा मानुएल पहिला याच्या काळातील, समुद्रसफरींच्या खुणा दगडात मिरवणाऱ्या मानुएलाईन शैलीची ओळख होय. राजा 1521 मध्येच वारला होता; म्हणजे त्याच्या नावाची शैली येथे साकारली ती त्याच्यानंतर दोन दशकांनी. गोव्यात पुढे बरोक या भरगच्च अलंकरणाच्या युरोपीय शैलीच्या थाटाचा इतका पगडा बसला की या आधीच्या वळणाचे नमुने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत, आणि या चर्चचे खरे मोल मला त्यातच दिसते.

भिंती जांभ्याच्या आहेत आणि त्यांवर चुन्याचा गिलावा आहे. ही बाब किरकोळ समजू नये. जांभा सच्छिद्र असतो आणि कोकणपट्टीच्या पावसात उघडा राहिला की झिजत जातो. बॉम जेझुसचा गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकण्यात आला, त्याचे परिणाम तेथील भिंतींवर दिसतात. दोन्ही इमारती एकाच दिवशी पाहिल्यास हा फरक कोणाच्याही लक्षात येईल. बॉम जेझुसचा तो तांबूस रंग छायाचित्रांत कितीही शोभत असला तरी बांधणाऱ्यांना तो अभिप्रेत नव्हता.

आतील भाग साधा आहे. सोनेरी वेद्यांची अपेक्षा ठेवून आलेल्याची येथे निराशा होईल. आवर्जून पाहावे ते दोना कातारिना हिचे कोरीव स्मारक. गोव्यात आलेल्या पहिल्या पोर्तुगीज स्त्रियांमध्ये तिची गणना होते, आणि 1548 ते 1549 या काळात गव्हर्नर असलेल्या गार्सिया द सा याची ती पत्नी. या स्मारकावरील बारीक कोरीव काम गुजराती धाटणीचे मानले जाते. पोर्तुगीज बाईच्या स्मारकावर हिंदुस्थानी कारागिराची छिन्नी चाललेली पाहताना गोव्याच्या पुढील चार शतकांच्या कलेची दिशा तेथेच दिसू लागते. गार्सिया द सा याचेही दफन याच चर्चमध्ये झाले आहे.

गैरसोयी आहेतच. दार बंद असण्याची शक्यता धरून जावे, आणि चढ फार नसला तरी दुपारचे ऊन टाळावे. स्थळाची माहिती आधी वाचून न गेल्यास निम्मे तपशील नजरेतून निसटतील. युनेस्कोने 1986 मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदलेल्या गोव्यातील चर्चसमूहात याचा समावेश आहे, हे येथील शुकशुकाट पाहून कोणाला पटणार नाही. याच टेकडीवर सेंट ऑगस्टीनचे भग्न चर्च आणि त्याचा सुमारे 46 मीटर उंचीचा मनोरा आहे. दोन्ही मिळून दीड तास हाताशी ठेवावा, आणि वेळ कमी असेल तर कॅथेड्रलच्या वेळेत काटछाट करावी.