आयएमएसएलपी की सीपीडीएल: तीन देशांत विखुरलेल्या क्वायरने नोटेशन कुठून घ्यावं?

क्वायरसाठी फुकट आणि कायदेशीर शीट म्युझिक (छापील नोटेशन) हवं असलं की या दोन वेबसाइट्सची नावं पुढे येतात. दोन्ही तुम्ही वापरली असतीलच, म्हणून संग्रह केवढा, शोधायचं कसं यात शिरत नाही. आमचा गट पुण्याचा, पण वहिनी जर्मनीत श्टुटगार्टला आणि एक मित्र न्यू जर्सीत. तालीम ऑनलाइन, नाताळात जमेल तितके एकत्र. तुमचा सगळा गट एकाच गावात असेल तर माझं मत तुम्हाला कदाचित लागू पडणार नाही.

माझा कौल ठरवला तो फ्रेंच संगीतकार फ्रान्सिस पुलँकच्या 'ओ माग्नुम मिस्टेरियुम'ने. १९५२ साली प्रकाशित झालेल्या त्याच्या नाताळच्या चार मोटेट्सपैकी (क्वायरसाठीच्या धार्मिक रचनांपैकी) हे एक. आयएमएसएलपीवर पीडीएफ मिळाली, मी ती ग्रुपवर टाकली. रात्री वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे इथे अजून मोकळं नाही. मी प्रिंट काढायची का?"

त्यांचं बरोबर होतं. पुलँक गेला जानेवारी १९६३ मध्ये. भारतात कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून आपल्याला तो मोकळा. जर्मनीत ७० वर्षं, म्हणजे २०३३ अखेरपर्यंत बंद. अमेरिकेत या काळातल्या रचनांची मोजणी मृत्यूवर नाही, प्रकाशनावर होते: ९५ वर्षं, म्हणजे २०४७ अखेरपर्यंत. एकच फाइल, एकच ग्रुप आणि तीन वेगळी उत्तरं. त्यात जर्मन कायदा नोटेशनच्या बाबतीत आणखी कडक आहे. हक्क शिल्लक असलेल्या स्वरलेखनाची खासगी वापरासाठीही फोटोकॉपी काढता येत नाही, हाताने उतरवून घेतलेलं चालतं. फाइल मी ग्रुपवरून काढून टाकली, पण तोवर दोघांनी ती डाउनलोड केली होती.

आयएमएसएलपी हे लपवत नाही, हे आवर्जून सांगतो. युरोपात किंवा अमेरिकेत हक्क शिल्लक असतील तर तशी सूचना तिथे असते. साइट कॅनडाच्या कायद्यावर उभी आहे आणि त्याची किंमत तिने मोजली आहे. कॅनडात मोकळ्या पण युरोपात बंद असलेल्या रचनांवरून व्हिएन्नाच्या युनिव्हर्सल एडिशन या प्रकाशकाची नोटीस आली आणि ऑक्टोबर २००७ ते जून २००८ साइट बंद राहिली. मला खटकतं ते एवढंच की त्या सूचना कॅनडा, अमेरिका आणि युरोपपुरत्या असतात. आपली ६० वर्षं कुठेच नाहीत, ती आपणच मोजायची. एकट्याने पियानो वाजवणाऱ्याला याचा त्रास नाही. आमच्या गटात मात्र दर नव्या गाण्याला मी वहीत चार रकाने आखून बसत होतो: संगीतकार कधी गेला, शब्द कोणाचे, प्रकाशन कधीचं, संपादक कोण. गाण्यापेक्षा त्यातच वेळ जाई.

कॅनडानेही ३० डिसेंबर २०२२ पासून ५० ची ७० वर्षं केली. आधी मोकळं झालेलं मोकळंच राहिलं, त्यामुळे १९७१ मध्ये गेलेला संगीतकार स्त्राविन्स्की त्यात बसला. १९७२ किंवा नंतर गेलेल्यांसाठी मात्र २०४३ पर्यंत थांबायचं. त्या अंगाने आयएमएसएलपीचं विसावं शतक आता बराच काळ फारसं पुढे सरकणार नाही.

सीपीडीएल अमेरिकेतून चालते आणि मुख्यतः कोरल, म्हणजे क्वायरच्या संगीतापुरती आहे. पुलँक, कोदाय अशा विसाव्या शतकातल्या संगीतकारांसाठी तिथे गेलात तर निराशाच पदरी पडेल. जुनं संगीत मात्र भरपूर, स्वयंसेवकांनी नव्याने टाइप केलेलं, आणि बहुतेक प्रतींच्या तळाशी स्पष्ट लिहिलेलं: प्रती काढा, वाटा, गा, रेकॉर्ड करा. संपादकाची परवानगी पानावरच असते. रचनाकार जाऊन चारशे वर्षं झालेली, म्हणून देशाचा प्रश्नही सहसा उरत नाही. काही प्रतींवर 'पर्सनल' असा शेरा असतो, तेवढा डाउनलोड करण्याआधी वाचा.

टायपिंगच्या चुका सापडतात. आम्हाला एका प्रतीत अल्टोचा (बायकांच्या खालच्या आवाजाचा) एक शार्प, म्हणजे सूर चढवण्याची खूण, गायब मिळाली, ती चूक तालमीत कानाने सापडली. अशा वेळी मी आयएमएसएलपीवरचा जुना स्कॅन उघडून ताडून पाहतो. उलट, त्या स्कॅनवरून थेट गाणं आम्हाला जमलं नाही. बाखच्या १९व्या शतकातल्या समग्र आवृत्तीत सोप्रानो, अल्टो, टेनर तिघांनाही वेगवेगळ्या ओळींवरचा सी-क्लेफ (ओळींवरचे सूर ठरवणारं जुन्या पद्धतीचं चिन्ह) आहे, आणि आमच्याकडे ते दोघांनाच वाचता येतं.

पियानो, व्हायोलिन, ऑर्केस्ट्रा किंवा अभ्यास हा हेतू असेल तर आयएमएसएलपीच, तिथे दुसरं नाव मी सुचवणार नाही. पण फाइल पुढे पाठवायची असेल, तीही परदेशातल्या माणसांना, तर मी तरी आधी सीपीडीएल उघडतो.

त्या नाताळला आम्ही शेवटी सोळाव्या शतकातल्या व्हिक्टोरिया या संगीतकाराचं 'ओ माग्नुम मिस्टेरियुम' घेतलं. शब्द तेच, १५७२ चं, चार आवाजांचं. सीपीडीएलवरची प्रत मी ग्रुपवर टाकली आणि त्या रात्री कोणाचाही फोन आला नाही. पुलँकची फाइल माझ्याकडे 'फक्त पुणे' नावाच्या फोल्डरमध्ये आहे. वहिनींना ती १ जानेवारी २०३४ ला पाठवेन. न्यू जर्सीच्या मित्राला आणखी चौदा वर्षं थांबावं लागेल.