सेर्मिझी की जानकाँ?

फ्रेंच शाँसों, म्हणजे सोळाव्या शतकातली अनेक आवाजांत गायची फ्रेंच गाणी, ऐकायला सुरुवात कुठून करावी? पॅरिसचा मुद्रक पिएर आतेन्याँ याने 1528 साली छापलेल्या दोन रचना समोर ठेवतो. दोन्ही चार आवाजांच्या, पण स्वभाव अगदी वेगळे.

संगीतकार क्लोदाँ द सेर्मिझीची ‘ताँ क विव्रे’ साधी, छोटी. शब्द कवी क्लेमाँ मारोचे, विषय प्रेम. चाल वरच्या आवाजात, बाकीचे तिघे बहुतेक तिच्याच लयीत शब्द उच्चारतात, त्यामुळे कविता स्वच्छ ऐकू येते. सुरुवातीला एक लांब आणि दोन आखूड स्वर, ही त्या काळच्या पॅरिसच्या शाँसोंची ओळखीची खूण. एकट्या गायकाला ल्यूट या तंतुवाद्याच्या साथीनेही ती गाता येते.

क्लेमाँ जानकाँची ‘ला गेर’ म्हणजे नुसता दंगा! फ्रेंच आणि स्विस सैन्यांमधल्या 1515 च्या मारिन्यानो लढाईचं हे चित्रण. पहिल्या भागात श्रोत्यांना बोलावणं, सैन्याची जमवाजमव. दुसऱ्यात तुताऱ्या, तोफा, ‘फां फां फ्रेरे ले ले लां’. अर्थ शोधू नका, तोंडानेच वाजवलेलं रणवाद्य आहे ते. आवाज एकमेकांच्या अंगावर धावून येतात, सुरावट मात्र बराच वेळ जागची हलत नाही. सगळी करामत लयीची. शेवटी हरलेले स्विस मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये ‘सगळं गेलं’ म्हणून ओरडतात.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी सेर्मिझीच सुचवेन. जानकाँ मैफलीत समोर बसून ऐकावा. रेकॉर्डिंगमध्ये कोण कुठून ओरडतंय तेच कळत नाही, आणि निम्मी गंमत तर ते कळण्यातच आहे.