चहाला सहा, गप्पांना साडेनऊ

दर्यापूर-अंजनगाव रस्त्यावर आमच्या शाळेचा फाटा लागतो. फाट्यावर कडुलिंब, लिंबाखाली टिनाचं शेड, शेडात भट्टी. पाटी नाही. आमच्याकडे चहाच्या टपरीलाही हॉटेलच म्हणतात, म्हणून हे लिंबाखालचं हॉटेल. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि शाळा सुटली की संध्याकाळच्या गाडीची वाट इथंच पाहते. गाडी सव्वापाचची आहे, अशी एक समजूत आहे. गेल्या 7 वर्षांत या बाकावर जेवढी बसले तेवढी माहेरी बसले नसेन. तेव्हा या हॉटेलाला मार्क द्यायचा अधिकार माझा.

आधी खाण्याचं उरकते. चहा 10 रुपये, अर्धा 5. साखर जास्त, आलं असलं तर असलं. खरी गोष्ट पाण्याची आहे. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, पूर्णेच्या खोऱ्यातला. बोअरला पाणी लागलं तरी खारं लागतं, आणि त्याचा चहा केला तर जीभच विचारते, हे काय आहे म्हणून. हॉटेलवाले भाऊ रोज 20 लिटरचे 2 जार घेतात. जारवाला आला नाही त्या दिवशी पहिला घोट घेऊन कोणीतरी म्हणतंच, "भाऊ, आज मीठ जरा कमी पडलं." भाऊ न हसता मिठाचा डबा पुढं सरकवतात. एवढ्या सगळ्या भानगडीतून निघालेल्या चहाला 10 पैकी 6.

आलूबोंडा चांगला, पण साडेतीननंतर घेऊ नका, तो सकाळचा असतो. तर्री झणझणीत आहे. गिलावडा मागू नका, त्यासाठी अमरावती गाठा. मिरचीभजे फक्त पाऊस असला की निघतात आणि त्या दिवशी गाडी आणखी उशिरा आली तरी चालतं. सकाळी सहाला भट्टी पेटते, दूध संपलं की बंद. पोळ्याच्या दिवशी दुपारनंतर जाऊ नका, कुलूप असतं.

आता मुद्द्यावर येते. लोक इथं चहासाठी येतच नाहीत.

रोजची मंडळी पाच-सहा. खरी नावं मला तीन वर्षांनी कळली, इथं टोपणनावंच चालतात. एक आजोबा आहेत, त्यांना सगळे 'नक्षत्र' म्हणतात, कारण पावसाच्या प्रत्येक नक्षत्राचं वाहन त्यांना तोंडपाठ. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, 9 नं भागायचं, आणि बाकी उरेल त्यावरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव नाहीतर हत्ती यांपैकी एक वाहन ठरतं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की लोक खूश. आजोबा हे गणित पानाच्या चुन्यानं टेबलावर करून दाखवतात. मी चौथीला भागाकार शिकवते, मला तो हिशेब आवडतो. पण वाहन काहीही निघो, ते शेवटी कोणाच्यातरी अंगावर जातंच. "काहून बे, मृगाचं वाहन गाढव हाय म्हणून तू सकायपासून इथं बसला काय?"

दुसरे 'शकुंतला'. मिशीवाले, सहा फूट उंच गृहस्थ. दर्यापूरकडच्या माणसाला नाव समजावून सांगावं लागत नाही. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर ते अचलपूर धावायची ती अरुंद गेजची आमची रेल्वेगाडी, दर्यापूरच्या स्टेशनचं नाव बनोसा. 1994 पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. चालत्या गाडीतून उतरावं, शेतातल्या चार शेंगा तोडाव्या आणि पुन्हा चढावं, असं तिच्याबद्दल सांगतात. यांची गोष्टही तशीच. बाजारात बैल घ्यायला निघाले की आधी मेव्हण्याच्या लग्नाला जातात, तिथून दवाखान्यात, तिथून सोसायटीच्या निवडणुकीत. मधे उठून तुम्ही दळण आणलंत तरी बैल अजून विकत घेतलेला नसतो. गाडी बंद पडली, हे मात्र चालूच आहेत.

तिसरा 'फवारणी'. कृषी केंद्रात कामाला आहे म्हणून हे नाव, असं मला वाटायचं. एकदा त्याच्या समोर बसले आणि तो रंगात येऊन बोलायला लागला, तेव्हा खरं कारण कळलं. आता मी बाजूला बसते.

खांबाला बैलाच्या गळ्यातली एक पितळी घंटी टांगलेली आहे. नियम असा: तीच गोष्ट कोणी तिसऱ्यांदा सांगायला लागला किंवा उघड उघड लंबी फेकली, तर भाऊ घंटी वाजवणार आणि सांगणाऱ्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. शकुंतलांनी यातून पळवाट काढली होती. त्यांनी जुन्या गोष्टीतल्या बैलाची म्हैस केली. भांडण पेटलं, निकाल माझ्याकडे आला. मी म्हटलं, शब्द बदलले, धडा तोच, 10 पैकी 4. तेव्हापासून गोष्टींना मार्क द्यायचं काम माझ्याकडे आहे. मानधन म्हणून अर्धा चहा.

ती घंटी भाऊंच्या बैलाची. जोडी विकून बरीच वर्षं झाली. या हॉटेलात आईबाप, देवधर्म, टक्कल, उधारी, कशाचीही थट्टा होते. घंटीची कोणी करत नाही.

नवीन माणसासाठी एक खूण सांगून ठेवते. पहिले कित्येक महिने मी आले की दुपट्ट्यानं बाक पुसून मिळायचा. "या मॅडम, बसा मॅडम," आणि मग सगळे जण शाळेच्या पोषण आहारावर वगैरे सभ्य बोलायचे. मला वाटायचं किती मान देतात. मग एका संध्याकाळी मी सहज म्हणाले, आज गाडी वेळेवर येईल, मला तसं कळलंय. क्षणभर शांतता. आजोबांनी चष्मा काढला. "मॅडम लंबी फेकून रायल्या. वाजव रे घंटी!" घंटी वाजली. 7 चहा, 70 रुपये, आणि गाडी आली पावणेसातला. त्या दिवसापासून माझा बाक मीच पुसते. तुमच्याशी इथं कोणी फार अदबीनं बोलत असेल तर समजा, अजून तुम्ही गिऱ्हाईकच आहात.

अर्धा मार्क कापला त्याचीही कारणं आहेत. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खाऊन लिंबाच्या बुंध्याला जी रंगरंगोटी चालते ती बघवत नाही. बाईमाणसासाठी काही सोय नाही. पावसात काळ्या मातीत चप्पल रुतते ती दुसऱ्या पावलाला एकटीच मागं राहते. आणि सुनांवरचे विनोद. ते सुरू झाले की मीही कोणाची तरी सून आहे हे लोक विसरतात. एकदा मी उठून स्वतः घंटी वाजवली. कोणता नियम मोडला, असं फवारणीनं विचारलं. म्हटलं, ही गोष्ट तिसऱ्यांदा नाही, तीनशेव्यांदा आहे. चहा मिळाला. विनोद कमी झाले, बंद नाही झाले.

आता साडेनऊ कशाचे, ते सांगते. बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट करून त्यात 18 प्रकारची धान्यं मांडतात. मधे पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, राजगादीची पानसुपारी. रात्र गेली की काय हललं, काय भिजलं ते पाहून सकाळी वर्षाचं भाकीत सांगतात. आमच्याकडे त्यावर चहाची पैज लागते. 2023 ला अक्षय्य तृतीया 22 एप्रिलला आली, शनिवार आणि वर ईदची सुटी. मी नव्हते. मॅडमचा पेपर बुडाला म्हणून मंडळींनी सोमवारी फाट्यावर माझ्यासाठी वेगळी मांडणी केली, तीही भर दुपारी, कारण एप्रिलात शाळा सकाळची असते.

टेबलावर परात. 18 धान्यांच्या जागी शेव, पोहे, शेंगदाणे, फुटाणे असे सातच जिन्नस जमले. चार ढेकळं म्हणून चार टोस्ट: जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. घागरीच्या जागी पाण्याचा ग्लास. राजगादीला खर्र्याची पुडी, कारण फाट्यावर राज्य तिचंच. वरून टोपलं झाकलं. मंगळवारी उघडलं तर ग्लास आडवा आणि ऑगस्ट गायब.

"थो उंदरानं नेला," नक्षत्र आजोबा गंभीरपणे म्हणाले. "वाहन उंदीर." त्यांच्या मिशीत टोस्टचा चुरा होता.

पुढचं सगळ्यांना आठवत असेल. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभर कोरडा गेला, 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा. इकडे सोयाबीन फुलोऱ्यात आणि वर कोरडं आभाळ. रोज संध्याकाळी आजोबा आले की सुरुवात व्हायची: "आजोबा, ऑगस्ट तुमच्या पोटात हाय. जरासे खोकला तरी शितोडे येतीन." सगळ्यात मोठ्यानं हसायचे ते शकुंतला, आणि 4 एकर सोयाबीन त्यांचंच होतं. हसून झालं की ते रस्त्यापलीकडे शेताकडे पाहत बसायचे. त्या दिवसांत त्यांनी एकही गोष्ट सांगितली नाही, घंटी गप्प होती.

सप्टेंबरात एका दुपारी आभाळ भरून आलं, टिनावर ताडताड सुरू झालं. भाऊंनी न विचारता मिरच्या चिरायला घेतल्या. आजोबा भिजत आले, बंडीच्या खिशातून टोस्टचा पुडा काढला आणि त्यातला एक टेबलावर ठेवला.

"घ्या तुमचा ऑगस्ट."

फवारणीनं तारीख मोजली आणि उशिरा परतफेडीचं व्याज लावलं: सगळ्यांना चहा. शकुंतला म्हणाले, व्याजावरून आठवलं, आमच्या मेव्हण्याच्या लग्नात... भाऊंचा हात घंटीकडे गेला. मी म्हटलं, थांबा, आज सांगू द्या.