अनोळखी माळावर व्हाइटटेल शोधताना : ट्रेल कॅमेरा की दुर्बीण?

यंदा पहिल्यांदाच अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या सँडहिल्समध्ये व्हाइटटेलच्या, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या, शिकारीला जायचं ठरवलेल्या दोघा मित्रांनी मला एकच प्रश्न विचारला. जमीन ओळखीची नाही, झाडं जवळपास नाहीतच, हंगामाआधी हाताशी फार तर चार-पाच सुट्ट्या. मग पैसे सेल्युलर ट्रेल कॅमेऱ्यांत (जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढून फोनवर पाठवणाऱ्या कॅमेऱ्यांत) घालायचे, की एक चांगली दुर्बीण आणि ट्रायपॉड घ्यायचा? मी दोन्ही करून पाहिलंय. पहिले दोन हंगाम कॅमेऱ्यांच्या भरवशावर काढले, पुढचे तीन दुर्बिणीच्या. परमिट, नारिंगी जाकीट, हंटर एज्युकेशन हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. मेगापिक्सेल आणि काचांचे आकडेही इथे देत नाही, ते कुठेही मिळतील.

आपल्यापैकी बरेच जण शिकार शिकतात ती मिसुरी नदीकाठच्या झाडीत. तिथे हरणाच्या वाटा ठरलेल्या असतात. ओढ्याचा उतार, कुंपणाची फट, दोन रानांमधली चिंचोळी पट्टी. तिथल्या एखाद्या झाडाला कॅमेरा बांधला की निम्मं काम झालं. सँडहिल्स म्हणजे गवतानं धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या, सुमारे 19 हजार चौरस मैल. तिथली एकटी चेरी काउंटी, म्हणजे एक जिल्हा, कनेक्टिकट राज्याहून मोठी आहे. उघड्या टेकड्यांवर बहुतेक म्यूल डिअर, ही हरणांची दुसरी जात, दिसतात. व्हाइटटेल राहतात टेकड्यांमधल्या ओलसर कुरणांच्या कडेला, विलोच्या झुडपांत, रानप्लमच्या जाळ्यांत, नाहीतर रँचच्या घराभोवती वारा अडवायला कुणीतरी पूर्वी लावलेल्या झाडांच्या रांगेत. आणि अशा दोन ठिकाणांमधलं मैलभर अंतर ते वाटेल तिथून कापतात.

कॅमेऱ्याची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. तुम्ही ओमाहात ऑफिसात बसलेले असता तेव्हाही तो जागा असतो. तिथून सँडहिल्समधल्या व्हॅलेंटाइन गावापर्यंत गाडीनं पाच तास लागतात, घरी लहान मुलं असली की दर शनिवार-रविवार जाणं जमत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय. शिवाय रात्रीचं दुर्बिणीला काहीच दिसत नाही. पहिल्या वर्षी एका रँचरची परवानगी मिळाली होती. त्यांच्या विंडमिलच्या टाकीतलं पाणी सांडून जिथे चिखल होतो तिथे मी कॅमेरा लावला, आणि सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात आठ टोकांचा एक देखणा नर फोनवर आला. शिंगांवरची मखमल नुकतीच उतरलेली, एका शिंगाला तिची चिंधी अजून लोंबत होती. तो फोटो मी अजून जपून ठेवलाय. हा नर त्या माळावर आहे, हे मला कॅमेऱ्यामुळेच कळलं.

पण तिथे वारा आहे.

ट्रेल कॅमेऱ्याचा सेन्सर हालचाल आणि उष्णतेतला फरक एकत्र पाहतो. उन्हानं तापलेलं गवत वाऱ्यानं हललं की त्याला जनावर आल्यासारखंच वाटतं. जंगलात हा त्रास अधूनमधून होतो, माळावर तो दिवसभर चालतो. झाड नसल्यामुळे कॅमेरा लोखंडी खांबावर लावावा लागतो, खांब वाऱ्यात थरथरतो, समोर कमरेएवढं स्विचग्रास डोलत असतं. दुपारी दोन वाजता मीटिंगमध्ये फोन वाजायला लागायचा आणि संध्याकाळपर्यंत थांबायचा नाही. उघडून पाहावं तर गवत. पुन्हा गवत. मधेच काळ्या गाईचं नाक, कारण गाईंना खांबाला अंग घासायला फार आवडतं, आणि त्यानंतरचे सगळे फोटो आभाळाचे. सेन्सरची संवेदनशीलता कमी केली, तर पहाटे लांबून गेलेली हरणंही निसटायची. बॅटऱ्या संपत, महिन्याचा फोटोंचा कोटा आठवड्यात उडून जाई.

हे सगळं मी एकवेळ सोसलं असतं. पण यावर उपाय म्हणजे दर दोन आठवड्यांनी जाऊन समोरचं गवत कापायचं, खांब घट्ट करायचा, बॅटऱ्या बदलायच्या. म्हणजे जिथे आपला वास लागू द्यायचा नाही, नेमकं तिथेच पुन्हा पुन्हा चालत जायचं.

ऑक्टोबरच्या मध्यावर मी असाच विळा घेऊन निघालो होतो. ऑटोगेटपाशी (गाईंनी ओलांडू नये म्हणून वाटेत बसवलेल्या लोखंडी दांड्यांपाशी) ट्रक ठेवला, वारा पाठीकडून होता, तिकडे माझं लक्षच नव्हतं. टाकीपासून साधारण दोनशे पावलांवर एक ब्लोआउट आहे, वाऱ्यानं गवत उखडून वाळूत पाडलेली खोल वाटी. बाजूच्या वाटेवरून ती दिसतसुद्धा नाही. तिच्या काठावरच्या प्लमच्या जाळीतून तो नर उठला. माझ्यापासून चाळीस पावलं असेल. पांढरं शेपूट उभारून तीन झेपांत उतारापलीकडे गेला. मी जाळीत जाऊन पाहिलं. वाळूत त्याच्या अंगाएवढा खळगा होता, हात ठेवला तर ऊब होती, आणि कडेला ताज्या लेंड्या. दीड महिना तो माझ्या कॅमेऱ्यापासून दोनशे पावलांवर दिवस काढत होता आणि कॅमेरा मला गवत दाखवत होता. त्या हंगामात तो पुन्हा दिसला नाही. फक्त माझ्यामुळेच गेला असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, नर तसेही त्या दिवसांत जागा बदलतात. पण मला त्या दिवशी जे वाटायचं ते वाटून गेलं.

दुसऱ्या हंगामात कॅमेऱ्यांच्या जागा बदलून पाहिल्या. वारा तोच होता. तिसऱ्या वर्षी कॅमेरे घरी ठेवले. 10 बाय 42 ची (दहापट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण, तिला ट्रायपॉडवर बसवायचा तुकडा, बसायला सतरंजीची घडी. रस्त्यालगतच्या एका टेकाडावर, कुरणापासून पाऊण मैलावर, सूर्य पाठीशी घेऊन पहाटे बसलो. ट्रायपॉड ही चैन वाटेल, पण हातात धरलेल्या दुर्बिणीतून हरिण चालत असेल तरच दिसतं. ती स्थिर असली की बसलेलंही दिसतं. पूर्ण जनावर शोधू नका. गवताचा एकेक पट्टा डावीकडून उजवीकडे हळू पाहत जा. उभ्या काड्यांमध्ये आडवी पाठ खटकते. माशी हाकलणारा कान हलतो. एकदा मी पिवळ्या गवतात बराच वेळ एक सुकी फांदी पाहत होतो, आणि त्या फांदीनं मान वळवली.

पण दुर्बिणीनं मला खरं दिलं ते फोटोत येत नाही. नर कुठून आला, कुठे थांबला, कोणत्या वाऱ्याला कोणत्या जाळीत शिरला. तीन सकाळच्या नोंदींवरून माझ्या वहीत एवढं आलं की वारा वायव्येचा असला की तो टेकडीच्या आग्नेय उतारावर बसतो. पाठीमागचं वाऱ्यानं कळतं, समोरचं डोळ्यांनी दिसतं. कॅमेरा एका जागेची बातमी देतो. माळावर जनावर एका जागेला बांधलेलं नसतं, म्हणून मला ती बातमी तोकडी वाटते.

दुर्बिणीचे त्रासही सांगायला हवेत. सकाळी नऊनंतर ऑगस्ट-सप्टेंबरात जमिनीवरून उष्णतेच्या लाटा उठतात आणि शिंगं मोजणं सोडाच, गाय की हरिण हेही कळत नाही. दोन तासांनी डोळे दुखतात. टेकड्यांच्या घड्यांतलं काहीच दिसत नाही, त्यासाठी दोन-तीन टेकाडं बदलावी लागतात. आणि ऑगस्टात कळपानं एकत्र दिसणारे नर नोव्हेंबरच्या रायफल हंगामात तिथे असतीलच असं नाही, त्यामुळे ऑक्टोबरअखेरीस पुन्हा यावं लागतं. ज्याला सुट्टीच नाही, त्याला मी दुर्बीण घे म्हणणार नाही.

नकाशाचं थोडक्यात सांगतो. सॅटेलाइट फोटो दोन्ही पर्यायांत लागतोच, टेकाडं आणि झाडांच्या रांगा घरूनच हेरून ठेवा. पायी फिरायचं असेल तर हंगाम संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चात. तेव्हा बसायच्या जागा उघड्या पडलेल्या असतात, गळलेली शिंगं सापडतात आणि तुमच्या वासानं कुणाचं बिघडत नाही.

कायद्याची एक गोष्ट मात्र नीट पाहा. नेब्रास्काच्या दक्षिणेला लागून असलेल्या कॅन्ससनं 2023 मध्ये राज्याच्या सार्वजनिक शिकारक्षेत्रांत ट्रेल कॅमेरे लावायला बंदी घातली. दक्षिणेकडे जाणार असाल तर हा प्रश्न तिथेच मिटतो. नेब्रास्कात खासगी जमिनीवर पाटी असो वा नसो, मालकाची परवानगी लागतेच. सार्वजनिक रस्त्यालगत बसून दुर्बिणीतून पाहिलं तर निदान पहिल्या दिवशी कुणाचं दार वाजवावं लागत नाही. कुठलं दार वाजवायचं हेही मला त्या टेकाडावरूनच कळलं.

ओढ्याकाठी झाडी असलेली जमीन मिळाली असेल, कुंपणाला एकच फट असेल, किंवा महिन्यातून एकदाच जाणं शक्य असेल, तर कॅमेरा घ्या. जमिनीपासून छातीच्या उंचीवर, तोंड उत्तरेला, समोर चरून बुटकं झालेलं गवत, गाईंच्या कुंपणाबाहेर. लावण्याच्या या अटींतली एक जरी जमत नसेल तर पैसे ट्रायपॉडच्या हेडवर (दुर्बीण बसते त्या वरच्या भागावर) घाला, दुर्बीण मधल्या किमतीची चालेल. माझे दोन कॅमेरे कपाटात आहेत, हवे असतील तर घेऊन जा. बॅटऱ्या नव्या घाला. आणि काउंटीच्या पश्चिम भागात गेलात तर घड्याळ तपासा. चेरी काउंटीत वेळ मधेच एका तासानं बदलते, आणि टेकाडावर उजाडायच्या आधी अर्धा तास पोचलेलं बरं.