पगाराची घासाघीस शिकवणारं पेड सेशन: घ्यावं का?

स्टार द्यायचे तर साडेतीन. नाव लिहित नाहीये कारण मग लोक म्हणतात रेफरल कोड पण टाक, आणि तसंही आता असं सेशन विकणारे ढिगाने झालेत, सगळ्यांचं पॅकेज साधारण सारखंच असतं. एक तास व्हिडिओ कॉल, एक मॉक कॉल (म्हणजे एचआरशी बोलायचा सराव), पीडीएफ स्क्रिप्ट आणि नंतर काही दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर शंकासमाधान. मी घेतलं त्याचे २,५०० अधिक जीएसटी म्हणजे २,९५० गेले. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, पगार मागायला शिकायचे पैसे देतोस? आमच्या वेळी ऑर्डर आली की पेढे वाटायचो.

आधी स्क्रिप्टबद्दल, कारण जाहिरात तिचीच असते. निम्मी स्क्रिप्ट सरळ अमेरिकेतून उचललेली आहे. त्यात मोठ्या अक्षरात लिहिलंय की आत्ताचा पगार कधीच सांगू नका. अहो पण कॅलिफोर्नियात २०१८ पासून उमेदवाराला जुना पगार विचारायलाच कायद्याने बंदी आहे, तिथे ते चालतं. इथे हिंजवडीत एचआरचा पहिला प्रश्नच 'करंट किती, एक्स्पेक्टेड किती, नोटीस किती' असा असतो आणि नंतर तीन महिन्यांच्या पेस्लिप मागतात ते वेगळंच. न सांगून जाणार कुठे, आणि फुगवून सांगावं तर व्हेरिफिकेशनमध्ये पेस्लिप, फॉर्म १६ सगळं बाहेर येतं. सेशन घेणाऱ्या मॅडमना (पूर्वी स्वतः रिक्रूटर होत्या) हे विचारलं तर त्यांनी मान्य केलं, म्हणाल्या ते पान सोडून द्या, करंट खरं सांगा पण लगेच त्याच वाक्यात एक्स्पेक्टेडचा आकडा जोडा, म्हणजे एचआर करंटवर ३० टक्के लावून मोकळा होत नाही. हे खरंच कामाचं होतं. मग ते पीडीएफमध्ये का नाही?

अजून एक म्हणजे आकडा सांगितल्यावर गप्प बसायचं, समोरच्याला बोलू द्यायचं. मॉक कॉलमध्ये भारी वाटलं. खऱ्या कॉलवर मी गप्प बसलो तर एचआरवाली हॅलो हॅलो करायला लागली, तिला वाटलं कॉल ड्रॉप झाला. माझा अर्धा स्टार तिथेच कापला गेला.

पण ज्याच्यासाठी पैसे वसूल झाले तो भाग म्हणजे अ‍ॅनेक्श्चर. ऑफर लेटरच्या मागे ते टेबल असतं ना, जे आपण फक्त शेवटच्या ओळीसाठी बघतो, ते त्यांनी ओळ-ओळ फाडून दाखवलं. उदाहरण १८ लाखांचं घेतलं होतं. आपण मनात १८ भागिले १२ करून दीड लाख धरतो. आता बघा, १० टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) म्हणजे १,८०,००० बाजूला, ते कंपनीच्या मर्जीवर. बेसिक ९ लाख धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,०८,०००, तोही सीटीसीतच (म्हणजे कंपनी तुमच्यावर करते त्या एकूण खर्चात, ह्या १८ लाखांत). ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, ४३,२९०, आणि ती पर्मनंट माणसाला पाच वर्षं भरल्यावर हातात येणार, आयटीत पाच वर्षं कोण टिकतंय. मेडिक्लेमचा प्रीमियम १५,०००, हो तोही तुमच्याच पगारात मोजतात. राहिले महिन्याला १,२१,००० च्या आसपास, त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ९,०००, प्रोफेशनल टॅक्स २००, नवीन रेजीमचा टीडीएस, की अकाउंटला एक लाख चार हजारच्या आसपास. दीड लाख कुठे आणि हे कुठे! पीएफ आपलाच असतो हे मान्य, पण फ्लॅटचा ईएमआय त्यातून जात नाही ना.

ह्यातून खरी गोष्ट कळते ती अशी की मागायचं काय. 'अजून थोडं वाढवा' म्हटलं की एचआर बँड (त्या पदासाठी ठरलेली पगाराची रेंज) संपला म्हणते, आणि बऱ्याचदा ती खोटं बोलत नसते, फिक्स्डला खरंच मर्यादा असते. पण व्हेरिएबलचा काही भाग फिक्स्डमध्ये टाका, जॉइनिंग बोनस द्या, नोटीस बायआउट (नोटीस पूर्ण न करता सुटायला जुन्या कंपनीला द्यावे लागणारे पैसे) तुम्ही भरा, ह्याला बँड आडवा येतोच असं नाही. माझ्याही बाबतीत फिक्स्ड एक रुपया हलला नाही, पण जॉइनिंग बोनस मिळाला आणि बायआउट त्यांनी घेतला. ९० दिवसांची नोटीस असलेल्याला विचारा बायआउटची किंमत. बोनसच्या अटी मात्र नीट वाचा, वर्षाच्या आत सोडलं तर परत मागतात, आणि आपल्याला मिळतो टॅक्स कापून पण काही ठिकाणी मागतात पूर्ण रक्कम. हे मॅडमनी स्वतःहून सांगितलं, त्याचा पाऊण स्टार.

बाजारभाव काढायला त्यांनी अ‍ॅम्बिशनबॉक्स आणि ग्लासडोर ह्या पगार दाखवणाऱ्या साइट बघायला लावलं. ठीक आहे, अंदाज येतो, पण एकाच टायटलखाली इतकी मोठी रेंज दिसते की त्यातून एक आकडा काढून एचआरपुढे ठेवणं अवघड आहे. त्यापेक्षा त्या कंपनीतल्या कॉलेजच्या सीनियरने चहावर जो बँड सांगितला तो जास्त कामी आला आणि तो फुकट होता (चहा मी पाजला).

व्हॉट्सअ‍ॅप सपोर्ट यथातथाच. ऑफर स्वीकारायची डेडलाइन संध्याकाळी आणि उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी, मग उपयोग काय.

फ्रेशरने घेऊ नये, कॅम्पस ऑफरमध्ये घासाघिशीला जागाच नसते. हातात दोन ऑफर असतील तरी गरज नाही, दुसरी ऑफरच तुमचं काम करते. एकच ऑफर, लांब नोटीस आणि मोठं अ‍ॅनेक्श्चर असं असेल तर घ्या, कुणाकडेही घ्या, फक्त ऑफर लेटर आदल्या दिवशी मेल करून ठेवा, नाहीतर पहिली पंधरा मिनिटं स्क्रीन शेअर होतंय का ह्यातच जातात.